ओस्वाल्डचा परसातला फोटो खरा की चिकटवलेला? मामाशी पैज लागलीय

भाचा_नं_१

नमस्कार मंडळी. विषय जरा लांबचा आहे पण इथे फोटोवाले आणि इतिहासवाले दोन्ही आहेत म्हणून इथेच टाकतोय. आमचा मामा रिटायर झाल्यापासून रात्री जेवण झालं की मोबाईल घेऊन बसतो, आणि सध्या गडी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या खुनावर अडकलाय. रविवारी घरी आला होता, आमरसाच्या ताटावर विषय काढला की केनेडीला मारणारा म्हणून ज्याला पकडला त्या ली हार्वी ओस्वाल्डचा तो बंदूक घेऊन उभा असलेला फोटो बनावट आहे, म्हणजे कुणाच्या तरी धडावर ओस्वाल्डचं डोकं चिकटवलंय, आणि हे सगळं जग जाणतं फक्त तुम्हा पोरांना माहीत नाही.

फोटो बहुतेकांनी बघितला असेल. घरामागचं अंगण, लाकडी कुंपण, जिन्याचा खांब, काळे कपडे घातलेला बारीक माणूस, एका हातात लांब बंदूक, दुसऱ्या हातात पेपर, कमरेला पिस्तूल. मामाचं म्हणणं असं की नाकाखालची सावली सरळ खाली पडलीय आणि अंगाची सावली मात्र बाजूला तिरकी गेलीय, म्हणजे दोन वेगळ्या वेळचे फोटो. हनुवटी ओस्वाल्डची नाहीच, त्याची निमुळती होती आणि फोटोत चौकोनी दिसते, शिवाय हनुवटीवरून एक रेघ गेलीय तिथेच जोड आहे. दोन फोटोंत अंग वेगळं पण डोकं तेच. आणि सगळ्यात भारी मुद्दा म्हणजे स्वतः ओस्वाल्ड पोलिसांना म्हणाला होता की हा मी नाही, माझं फक्त तोंड लावलंय. मी म्हटलं मामा आरोपी असंच म्हणणार ना, तर म्हणाला तू फार शहाणा झालास. शेवटी मिसळीची पैज लागली, पूर्ण घराला, म्हणजे अकरा माणसं.

मला फोटोग्राफीतलं शष्प कळत नाही. खरंच कुणी हा विषय नीट वाचलाय का? व्हिडिओच्या लिंका नकोत प्लीज, त्या मामाकडे शंभर आहेत.

नुसताच_वाचक

मी या विषयावर बरंच वाचलंय, कॉलेजात असताना येड लागलं होतं. आधी नुसती हकीकत सांगतो मग बाकीचे बघतील.

केनेडी गेले २२ नोव्हेंबर १९६३ ला, डॅलसमध्ये, शुक्रवारी दुपारी साडेबाराला. ओस्वाल्ड त्याच दिवशी एका थेटरात पकडला गेला आणि २४ तारखेला पोलीस मुख्यालयाच्या तळघरात जॅक रुबीने त्याला गोळी घातली, तीही टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. म्हणजे खटला उभाच राहिला नाही. एखाद्या वकिलाने हा फोटो कोर्टात नाचवला असता, तज्ज्ञाची उलटतपासणी झाली असती, तर निम्मी भांडणं तिथेच संपली असती असं मला वाटतं.

फोटो सापडले २३ नोव्हेंबरला, आयर्विंग नावाच्या उपनगरात एका घराच्या गॅरेजमध्ये. ओस्वाल्डची बायको मरीना मुलींना घेऊन तिथे एका मैत्रिणीकडे राहत होती आणि ओस्वाल्डचं सामान त्या गॅरेजमध्ये होतं. खुनाची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या वॉरन कमिशनने दोन फोटोंना नंबर दिले १३३-ए आणि १३३-बी. काढले कुठे तर डॅलसमध्येच वेस्ट नीली स्ट्रीटवरच्या २१४ नंबरच्या घरामागे, जिथे हे जोडपं १९६३ च्या मार्च-एप्रिलमध्ये भाड्याने राहत होतं. तारीख साधारण ३१ मार्च १९६३ धरतात, रविवार. ही तारीख हवेतून आलेली नाही. बंदूक शिकागोच्या दुकानातून टपालाने मागवलेली, ए. हिडेल या खोट्या नावाने, दुर्बीण आणि पोस्टेज धरून २१ डॉलर ४५ सेंट, आणि ती निघाली २० मार्चला. पिस्तूल लॉस एंजलिसहून तेही २० मार्चलाच निघालं. हातातले पेपर म्हणजे मिलिटंट आणि वर्कर, दोन्ही डाव्या विचारांचे, आणि दोन्हींचे ते अंक मार्च ६३ चे. (गंमत म्हणजे हे दोन पेपर एकमेकांचं तोंड बघत नव्हते, एक ट्रॉट्स्कीच्या फुटीर गटाचा आणि दुसरा कम्युनिस्ट पक्षाचा अधिकृत, आणि हा पठ्ठ्या दोन्ही एका हातात घेऊन उभा.)

आता मुख्य साक्षीदार. मरीना म्हणते फोटो मी काढले. ती अंगणात बाळाची लंगोटं वाळत घालत होती, हा बंदूक घेऊन आला आणि म्हणाला फोटो काढ. तिने १९६४ ला सांगितलं, १९७८ ला पुन्हा चौकशी करणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं, आणि पुढे जेव्हा तिचं मत फिरलं, म्हणजे नवऱ्याने केनेडीला मारलंच नाही असं ती उघड बोलायला लागली, तेव्हाही फोटो मीच काढले हे ती म्हणतच राहिली. मामाला एवढंच विचार, की ज्या बाईला नवरा निर्दोष वाटतो ती या एका बाबतीत खोटं कुणासाठी बोलेल?

ओस्वाल्ड मी नाही म्हणाला हे खरंय. डॅलस पोलिसांचा कॅप्टन फ्रिट्झ चौकशी करत होता, त्याने मोठा केलेला फोटो समोर ठेवला, तर हा म्हणाला तोंड माझं, धड दुसऱ्याचं, मला फोटोग्राफीचं काम येतं, वेळ आली की दाखवून देईन कसं केलंय ते. काम खरंच येत होतं, कारण तो काही महिने छपाईसाठी फोटोचं काम करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता. पण त्याच चौकशीत नीली स्ट्रीटला आपण राहिलोच नाही असंही तो म्हणाला, आणि ते तर धडधडीत खोटं होतं. बरं या चौकशीचं ना टेप रेकॉर्डिंग आहे ना स्टेनो होता, नंतर लिहिलेल्या टिपणांवरून आपण हे सगळं बोलतोय.

डार्करूम_काका

भाच्या, तुझ्या मामाला माझा नमस्कार सांग कारण पंचवीस वर्षांपूर्वी मीही त्याच पार्टीत होतो.

माझा आमच्या गावात स्टुडिओ होता, वडिलांपासूनचा, आता बंद. डिजिटल आल्यावर पासपोर्ट फोटोवर किती दिवस काढणार. तर सांगायचं म्हणजे डोकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं हे काम आम्ही रोजचं केलेलं आहे. कुणाचे तरी वडील वारायचे आणि घरात फोटो एकच, तोही लग्नाच्या घोळक्यातला, तोंड जेमतेम एवढं. मग मुलगा यायचा की अण्णांना कोट चढवा, टोपी घाला, भिंतीवर लावायचाय. आम्ही ते तोंड एन्लार्जरवर मोठं करायचो, कोटवाल्या धडाचा प्रिंट तयार ठेवलेला असायचा, ब्लेडने कापून चिकटवायचं, कडेला ब्रशने रंग मारायचा आणि सगळ्याचा पुन्हा फोटो काढून नवी निगेटिव्ह करायची. अर्ध्या तालुक्याच्या भिंतीवर एकच कोट लटकलाय, वरची डोकी तेवढी वेगळी.

आता त्या कामाच्या अनुभवाने सांगतो. कापायचं कुठे? कॉलरला. कॉलरची कड आयती मिळते, गळ्याची सावली असते, जोड लपतो. हनुवटीवर, ओठाच्या खाली, गालाच्या गुळगुळीत कातडीत कुठला शहाणा ब्लेड चालवेल? तिथे रंग जुळवताना ब्रह्मदेवाच्या बापाला घाम फुटेल. ज्या दिवशी मला हे सुचलं त्या दिवशी मी पार्टी बदलली. इतकी वर्षं मी हनुवटीची रेघ बघून मान डोलवत होतो आणि स्वतःच्या धंद्याचा विचार केलाच नव्हता. बनावट करणारा एवढा हुशार की बाकी काही सापडत नाही, आणि एवढा बावळट की जोड भर तोंडावर?

हनुवटी चौकोनी का दिसते त्याचं सांगतो. ऊन वरून असलं की खालच्या ओठाची सावली पडते, हनुवटीच्या खाली सगळं काळं होतं आणि मधला भाग तेवढा उजळ राहतो, आडव्या पट्टीसारखा. माणूस ओळखू येत नाही कधीकधी. आमचे वडील बारा ते तीन बाहेर फोटो काढायचेच नाहीत, म्हणायचे डोळ्यांचे खड्डे होतात आणि गिऱ्हाईक पैसे देत नाही.

आता कॅमेरा. इम्पीरियल रिफ्लेक्स म्हणून स्वस्तातला प्लास्टिकचा डबा, ६२० ची फिल्म, चौकोनी निगेटिव्ह. वरून काचेत बघायचं, पोटाशी धरायचा. आपल्याकडे आगफा क्लिक थ्री असायचा ना घरोघरी, त्याच जातीतला, फक्त तो डोळ्याला लावायचा. अशा डब्यांची एक खासियत असते, फिल्म ज्या चौकटीवर बसते तिच्या कडा ओबडधोबड असतात, प्लास्टिकचे कंगोरे, दाते. निगेटिव्हच्या कडेला ते जसेच्या तसे उमटतात आणि आतून जाताना फिल्मला जे ओरखडे पडतात तेही दर कॅमेऱ्याचे वेगळे. अंगठ्याचा ठसाच म्हणा. एफबीआयचा लिंडल शेनीफेल्ट म्हणून तज्ज्ञ होता, त्याने १३३-बी ची मूळ निगेटिव्ह आणि ओस्वाल्डचा कॅमेरा ताडून सांगितलं की ही निगेटिव्ह याच कॅमेऱ्यातली, दुसऱ्या कुठल्याही नाही. म्हणजे कुणी आमच्यासारखं कापून चिकटवून पुन्हा फोटो काढला असेल तर तोही ओस्वाल्डच्याच कॅमेऱ्याने काढायला हवा, आणि असल्या डब्याला जवळचं फोकस नसतं. कसं करणार? अशक्य नाही म्हणत, पण मला कुणी पैसे दिले असते तर मी काम घेतलं नसतं.

आता मी फसलो कसा ते सांगतो कारण मामाही तिथेच फसला असणार. मी जो फोटो बघून बनावट म्हणायचो तो मासिकात छापलेला होता! लाइफ मासिकाने २१ फेब्रुवारी १९६४ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर हा फोटो छापला, बाकीच्या मासिकांनी पेपरांनीही छापला, आणि छापण्याआधी छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्यांनी आपापल्या परीने हात मारला. बंदूक काळ्या कपड्यावर नीट दिसावी म्हणून कुठे कड रंगवली तर कुठे दुर्बीण पार पुसट झाली. मग लोकांनी हे अंक शेजारीशेजारी ठेवले आणि ओरडले की बघा प्रत्येक ठिकाणी बंदूक वेगळी! वेगळी असणारच. वॉरन कमिशनने विचारल्यावर मासिकांनी आम्ही रिटच केलंय हे कबूलही केलं होतं. रिटच म्हणजे त्या काळी पाप नव्हतं, छपाईचा कागदच असा असायचा की केलं नाही तर सगळा चिखल दिसायचा. पण खुनाच्या पुराव्याला ब्रश लावू नये एवढी अक्कल कुणालाच सुचली नाही, हेही खरं. आज साठ वर्षं लोक त्या ब्रशचं बिल भरतायत.

आडवंतिडवं

काका तुमचा अनुभव मानतो, कोटवाला किस्सा एक नंबर. पण तुम्ही लोकं एकच बाजू सांगताय म्हणून मी बोलतो.

तो कॅमेरा पोलिसांनी पहिल्या झडतीत उचललाच नाही. ओस्वाल्डच्या भावाने डिसेंबरमध्ये बाकी सामानाबरोबर घरी नेला आणि एफबीआयच्या हातात आला तो फेब्रुवारी १९६४ मध्ये. तोही बिघडलेला, शटरचा दांडा वाकलेला, तज्ज्ञाने सरळ केला आणि मग फोटो काढून बघितले. तीन महिने कॅमेरा कुठे कुणाच्या हातात होता याला आपल्याकडे पंचनामाच म्हणणार नाही कुणी.

दुसरं, निगेटिव्ह. १३३-बी ची आहे, १३३-ए ची कुठाय? मुखपृष्ठावर गाजला तो ए. त्याचीच निगेटिव्ह कमिशनपर्यंत पोचली नाही. तिसरं, तो तिसरा फोटो. १३३-सी. हा १९७६ मध्ये बाहेर आला, डॅलसच्या एका पोलिसाच्या विधवेकडून. तेरा वर्षं राष्ट्राध्यक्षाच्या खुनातला पुरावा एका पोलिसाच्या घरी पडून होता! आणि कहर म्हणजे खुनानंतर आठवड्याभरात पोलिसांनी त्याच अंगणात आपल्या एका माणसाला उभं करून नकली फोटो काढला, तर त्याची पोझ कुठली? ना ए ना बी, हुबेहूब सी! म्हणजे सी त्यांच्याकडे तेव्हापासून होता आणि कमिशनला दिला नाही. पुढे १९९२ ला डॅलस शहराने जुन्या फायली खुल्या केल्या त्यात त्या अंगणाचा एक फोटो निघाला ज्यात माणसाच्या जागी नुसता पांढरा कापलेला आकार आहे. आता तुम्ही सांगा, हे बघून कुणाला संशय येणार नाही?

मी फोटो बनावटच आहे म्हणत नाही. मी म्हणतो त्या पोलीस खात्याच्या हातातून आलेल्या कुठल्याही वस्तूवर मी डोळे मिटून विश्वास का ठेवू? ज्यांना हातकडी घातलेला माणूस स्वतःच्या तळघरात जिवंत ठेवता आला नाही.

चहाची_किटली

फेविकॉलचा मजबूत जोड आहे, साठ वर्षं निघत नाही 😂

पिक्सेलपांडू

मी कंपोझिटिंगमध्ये काम करतो, म्हणजे दिवसभर एका शॉटमधला माणूस उचलून दुसऱ्या शॉटमध्ये ठेवणे हीच रोजीरोटी. आडवंतिडवं यांचा मुद्दा कुणाच्या हातात काय होतं याचा आहे आणि तो रास्त आहे. पण मामांचा मुद्दा फोटोच्या आत काय दिसतं याचा आहे, त्याचं उत्तर फोटोतच शोधता येतं.

सावलीचं घ्या. माणसाच्या डोळ्याला सावल्या बरोबर की चूक हे अजिबात कळत नाही. मी हे नम्रपणे नाही, पगार घेऊन सांगतोय. आमच्याकडे सीनियर आर्टिस्टसुद्धा नुसतं बघून सावली चुकीची म्हणतात आणि मोजल्यावर बरोबर निघते. मोजायचं कसं तर सोप्पंय, बंदुकीचं टोक आणि त्या टोकाची जमिनीवरची सावली यांना जोडणारी रेघ ओढा, मग खांबाची, मग कोपराची, नाकाची. ऊन एकाच सूर्याचं असेल तर या सगळ्या रेघा वाढवल्यावर एकाच बिंदूकडे जातात. १९७० च्या दशकात अमेरिकी संसदेने पुन्हा चौकशी लावली, त्या समितीने वीसेक फोटोतज्ज्ञ बसवले आणि त्यांनी हेच केलं, रेघा जुळल्या. पुढे २००९ मध्ये हॅनी फरीद या डार्टमथच्या प्राध्यापकाने, बनावट फोटो पकडणं हाच ज्याचा अभ्यास, ओस्वाल्डच्या डोक्याचं थ्रीडी मॉडेल केलं, अंगणाचं केलं, एकच दिवा सूर्याच्या जागी ठेवला आणि नाकाची सावली, अंगाची सावली सगळं एकाच दिव्यात बसलं. मग लोक म्हणाले ठीक आहे पण तो उभा कसा राहिलाय बघा, असा तिरका माणूस पडेल! तर २०१५ ला त्याने सहकाऱ्यांबरोबर शरीराचं वजन, बंदुकीचं वजन धरून तेही करून दाखवलं, पडत नाही.

आता मला स्वतःला सगळ्यात पटलेली गोष्ट. त्या वीसेक तज्ज्ञांनी ए आणि बी फोटोतली मागची बाजू, कुंपण वगैरे, शेजारीशेजारी ठेवून दोन डोळ्यांच्या यंत्राखाली बघितली. पूर्वी जत्रेत ती दुर्बीण मिळायची ना, दोन चित्रं आणि आत सगळं खोल दिसतं, तसंच. बनावटवाल्यांचा दावा होता की मागचं अंगण एकच आहे, त्यावर वेगवेगळी धडं चिकटवलीत. तसं असतं तर ते सपाट दिसलं असतं, पोस्टकार्डासारखं. पण कुंपण मागे, खांब पुढे, अशी खोली दिसली, कारण मरीनाने दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा जरासा हलवला होता. पोटाशी धरलेला कॅमेरा हलणारच. आता १९६३ मध्ये कुणी बसून, कॉम्प्युटरशिवाय, दोन-तीन वेगळ्या कोनांतून अंगण शूट करून, प्रत्येकात वेगळं धड, वेगळ्या कोनातलं डोकं, त्याच उन्हात, तोच फिल्मचा दाणा (ग्रेन) ठेवून... मला आज सगळी सॉफ्टवेअरं दिली तरी मी दोन आठवडे मागेन आणि दाणा जुळवताना शिव्या घालेन.

एक किस्सा मामांसाठी. टेक्ससचा जॅक व्हाइट म्हणून एक अभ्यासक होता, हनुवटी, उंची, तेच डोकं हे बहुतेक मुद्दे त्याच्यामुळेच पसरले. १९७८ ला समितीने त्याला मानाने बोलावलं, त्याने सगळे तक्ते दाखवले. त्यात बंदुकीच्या वेगवेगळ्या फोटोंतली लांबीची मापंही होती. मग वकिलाने विचारलं की वस्तू तिरकी धरली की फोटोत तिची लांबी कमी दिसते, त्याचा हिशेब तुम्ही फोटोग्रामेट्रीने, म्हणजे फोटोवरून खरी मापं काढायच्या शास्त्राने, केला का? तर हा उलट विचारतो, फोटोग्रामेट्री म्हणजे काय ते सांगा. वाईट वाटतं वाचताना, माणूस मेहनती होता. पण पट्टीने मापलेला फोटो आणि खरी लांबी यात फरक असतो हे माहीत नसेल तर मेहनत किती का करा.

नुसताच_वाचक

@आडवंतिडवं कॅमेरा उशिरा मिळाला, सी फोटो पोलिसांनी दाबला किंवा हरवला, निगेटिव्ह गायब, तिन्ही मान्य. पांढऱ्या आकाराचा फोटो हा पोलिसांनी आपल्या माणसाला उभं करून जे नकली फोटो काढले त्या खटाटोपातला आहे असंच मला तरी दिसतं, पण ते कापाकापी कशासाठी करत बसले होते देव जाणे.

फक्त एक बघा. संसदेच्या ज्या समितीने हे फोटो अस्सल म्हटले तीच समिती १९७९ मध्ये म्हणाली की केनेडींच्या खुनामागे बहुधा कट होता! पोलिसांच्या वायरलेसच्या रेकॉर्डिंगात चौथ्या गोळीचा आवाज आहे (ओस्वाल्डच्या तीनच धरल्या होत्या, म्हणजे दुसरा बंदूकधारी) असं त्यांना वाटलं, पुढे १९८२ ला अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या शास्त्रज्ञांनी ते खोडून काढलं ते सोडा. मुद्दा हा की कट मानायला तयार असलेली माणसंसुद्धा फोटोपाशी थांबली. आणि बंदुकीचंही बघा. १९६४ ला शेनीफेल्ट म्हणाला होता की फोटोतली बंदूक नक्की तीच असं मी छातीठोक सांगू शकत नाही, तशीच आहे एवढंच सांगतो. सगळं आधीच ठरवून केलं असतं तर हो म्हणून मोकळा झाला असता ना? पुढे चांगल्या प्रिंटवर लाकडावरची एक खोक सापडली तेव्हा समितीने तीच बंदूक म्हटलं.

तो चांगला प्रिंट कुठला तेही मजेशीर आहे. जॉर्ज द मोरेनशिल्ट म्हणून ओस्वाल्डचा एक वयाने मोठा, उच्चभ्रू रशियन मित्र होता, त्याच्या सामानात निघाला, मागे ओस्वाल्डच्या हातचं लिहिलंय माझा मित्र जॉर्ज याला, आणि तारीख एप्रिल ६३. म्हणजे खुनाच्या सात महिने आधीची. पोलिसांनी नोव्हेंबरात बनवला म्हणणाऱ्यांनी हा प्रिंट कुठे बसवायचा?

आडवंतिडवं

तो मोरेनशिल्ट १९७७ मध्ये ज्या दिवशी समितीच्या माणसाने त्याच्याशी संपर्क केला त्याच दिवशी गोळी झाडून घेऊन मेला, हे सांगायचं विसरलात वाटतं 🙂

बरं असो. फोटो खरा असू शकतो, मला आता वरचं वाचून ८०-२० वाटतंय. पण फोटो खरा म्हणजे त्याने मारलं असं नाही ना होत? मार्चमध्ये बंदूक घेऊन अंगणात उभा राहिलेला माणूस नोव्हेंबरमध्ये ज्या इमारतीतून गोळ्या झाडल्या म्हणतात तिच्या सहाव्या मजल्यावर होता हे तो फोटो कुठे सांगतो? मासिकाने मुखपृष्ठावर टाकून लोकांच्या मनात खटला निकालात काढला, माझा राग त्याचा आहे.

डार्करूम_काका

हे मात्र सोळा आणे. फोटो फक्त एवढंच सांगतो की हा माणूस, ही बंदूक, हे अंगण, हे ऊन. त्याच्या पुढचं आपण सांगतो.

आपल्याकडचंच बघा ना. राजीव गांधींच्या हत्येच्या वेळी, २१ मे १९९१, श्रीपेरुम्बुदूर. हरिबाबू नावाचा फोटोग्राफर स्फोटात गेला पण कॅमेरा शाबूत राहिला, आणि त्या रोलमधल्या फोटोंत हार घेऊन उभी असलेली आत्मघाती हल्लेखोर धनू आणि पांढऱ्या कुडत्यातला कटाचा सूत्रधार शिवरासन दिसले, सगळा तपास तिथून सुटला. तिथेही नुसत्या फोटोवर कुणाला शिक्षा झाली नाही, नाव काय, कुठे राहिले, कुणी घर दिलं हे सगळं नंतर पायपीट करून काढलं. पण तिथे रोल मिळाला, धुतला, आणि काय आहे ते बाहेर आलं. डॅलसला निगेटिव्ह एकीकडे, प्रिंट पोलिसाच्या घरी, कॅमेरा भावाकडे, आणि वर मासिकवाल्यांचा ब्रश. मामाची चूक नाही रे भाच्या, एवढा पसारा बघून कुणालाही वास येईल.

भाचा_नं_१

सगळ्यांचे आभार, काल मामाला सगळं वाचून दाखवलं. रेघा, मॉडेल वगैरे सांगायला लागलो तर म्हणाला अमेरिकेतल्या प्रोफेसरला काय कळतंय. मग मी शेवटचा उपाय म्हणून त्यालाच गच्चीवर नेला, दुपारी तीनला, ऊन मरणाचं. बंदुकीऐवजी जाळं काढायचा झाडू दिला हातात. अंग न हलवता नुसती मान उन्हाकडे वळवायला लावली तर नाकाची सावली बरोब्बर मधे ओठावर, मान पलीकडे वळवली तर सावली सरकून गालावर. आणि जमिनीवरची अंगाची सावली होती तिथेच तिरकी! दोन्ही फोटो मोबाईलवर दाखवले. मामा बराच वेळ झूम करून बघत बसला, मग म्हणाला माझं नाक मुळात वाकडं आहे.

खाली येताना मात्र हळूच म्हणाला की काकांचा कॉलरचा मुद्दा बरोबर वाटतो. आमच्या आजोबांचा हॉलमधला कोटातला फोटो आहे ना, तो त्याने खुर्चीवर चढून काढला आणि गळ्यापाशी बोट फिरवत बसला. आजोबांनी जन्मात कोट घातला नव्हता हे आईला आत्ता कळलं. आता ती माझ्यावर चिडलीय.

मिसळ मामा देणार आहे, पण अट घातलीय. त्या मोरेनशिल्टच्या फोटोमागे रशियन भाषेतही काहीतरी लिहिलंय म्हणे, ते कुणी लिहिलं एवढं सांगा मग पैसे देतो.

नुसताच_वाचक

फॅसिस्टांचा शिकारी, हा हा हा, असं लिहिलंय. समितीच्या हस्ताक्षरतज्ज्ञांनी ते ओस्वाल्डचं धरलं नाही आणि दुसऱ्या कुणाचं असंही ठरवता आलं नाही. मिसळीचे पैसे तू भर.